खेकडा, घाट आणि बारा हजार हॉर्सपॉवर

(एपिसोडचं लिखित रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती थोडी कापली आहे, बाकी तसंच ठेवलंय.)

आजची गोष्ट कर्जत स्टेशनवर सुरू होते.

मुंबईहून पुण्याला रेल्वेने गेला असाल तर हा सीन तुम्हाला पाठ असेल. गाडी कर्जतला थांबते. अर्धा डबा वडापाव घ्यायला दाराशी जमा होतो. आणि तेवढ्यात मागून एक हलकासा धक्का बसतो. चहाचा कप हातात असेल तर थोडा चहा सांडतो. हा धक्का म्हणजे गाडीच्या शेपटीला जोडलेलं बँकर इंजिन. लोणावळ्यापर्यंत ते गाडीला मागून ढकलणार आणि वर पोचलं की सुटणार.

लहानपणी मी बाबांना विचारलं होतं, पुढे इंजिन असताना मागे दुसरं कशाला? ते म्हणाले, "अगं, चढ आहे ना, एकट्याची ताकद पुरत नाही." पुढे मी इंजिनिअरिंगला गेले आणि कुणी विचारलं की हेच उत्तर जरा इंग्रजी शब्द घालून द्यायला लागले. हॉर्सपॉवर कमी पडते, म्हणून दुसरं इंजिन. सोप्पं.

हे उत्तर चुकीचं आहे. निदान अर्धं तरी चुकीचं आहे, आणि ते का चुकीचं आहे हे कळायला मला नोकरीला लागल्यावर बरीच वर्षं गेली. मालगाडी ओढणाऱ्या इलेक्ट्रिक इंजिनाचा आपल्याकडचा जवळजवळ शंभर वर्षांचा इतिहास याच एका प्रश्नाभोवती फिरतो. आज तोच बघू.

एका नाण्याएवढी जागा

आधी घाट म्हणजे नक्की काय ते बघू. बोरघाटातून रेल्वे १८६३ साली सुरू झाली. कसाऱ्याजवळचा थळ घाट १८६५ चा. दोन्हीकडे चढ १ इन ३७. म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की गाडी एक मीटर वर चढलेली असते. बाईकवरून जाताना असा चढ तुम्हाला जाणवणारही नाही. रेल्वेसाठी मात्र हा भयंकर चढ आहे.

का? साधा हिशेब करू. सपाट रुळावर एक टन वजन हळूहळू ओढत न्यायला दोन-तीन किलोचा जोर पुरतो. रेल्वेची सगळी जादू इथेच आहे: पोलादी चाक, पोलादी रूळ, घर्षण जवळजवळ नाहीच. म्हणजे हजार टनांची मालगाडी सपाटीवर चालती ठेवायला दोन-तीन टनांचा जोर लागतो. आता तीच गाडी १ इन ३७ च्या चढावर आणा. फक्त चढासाठी लागणारा जोर हजार भागिले ३७, म्हणजे २७ टन. सपाटीच्या दहापट. मुंबईपासून कर्जतपर्यंत आरामात आलेली गाडी पुढच्या वळणावर अचानक दहापट जड झाल्यासारखी वागते.

बरं, मग मोठी मोटार लावू. इथेच गंमत आहे. ज्या पोलाद-पोलाद जोडीमुळे गाडी ओढणं सोपं होतं, त्याच जोडीमुळे इंजिनाला रूळ पकडणं अवघड होतं. इंजिनाचं चाक रुळाला टेकतं ती जागा किती मोठी असते सांगू? साधारण एका नाण्याएवढी. दहा-वीस टन वजन त्या नाण्यावर उभं असतं आणि सगळा जोर तिथूनच रुळात उतरतो.

त्या नाण्याची एक मर्यादा आहे. कोरड्या, स्वच्छ रुळावर चाकावर जेवढं वजन आहे त्याच्या साधारण पाव हिस्सा, फार तर एक तृतीयांश एवढाच जोर तिथून देता येतो. पावसात, ओल्या पानांवर किंवा तेलकट रुळावर त्याहून बराच कमी. त्यापेक्षा जास्त जोर लावला की चाक जागच्या जागी गरगर फिरतं. गाडी तिथेच. रूळ आणि चाक दोन्ही झिजतात आणि मागचं हजार टन वजन खाली ओढतच असतं.

म्हणजे गणित असं: हॉर्सपॉवर ठरवते की गाडी किती वेगात चढेल. किती वजन चढेल हे पकड ठरवते. मी सर्व्हरवर काम करते, तिथली उपमा द्यायची तर हॉर्सपॉवर म्हणजे प्रोसेसर आणि पकड म्हणजे डेटाबेसला जाणारी एकुलती एक बारीक पाइप. प्रोसेसर चौपट करा, पाइप तेवढीच असेल तर काम तेवढंच होणार. हा धडा मी ऑफिसात एकदा बरीच रात्र जागून शिकले. रेल्वेवाल्यांना तो पहिल्या दिवसापासून माहीत होता.

स्वित्झर्लंडची मगर, आपला खेकडा

३ फेब्रुवारी १९२५. बॉम्बे व्हीटी ते कुर्ला या मार्गावर भारतातली पहिली इलेक्ट्रिक गाडी धावली. हिरवा कंदील दाखवायला होते मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन. हे नाव लक्षात ठेवा, पुन्हा येणार आहे. वीज होती १५०० व्होल्ट डीसी.

पण ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा, म्हणजे आजच्या मध्य रेल्वेच्या पूर्वजाचा, खरा डोळा घाटांवर होता. वाफेचं इंजिन घाटात दमायचं. कोळसा, पाणी, धूर, बोगदे, आणि एका गाडीला दोन-तीन इंजिनं. बोरघाटात तर खंडाळ्याजवळ एक रिव्हर्सिंग स्टेशन होतं. गाडी तिथे जायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचं आणि गाडी उलट्या दिशेने पुढे चढायची. विद्युतीकरणासोबत मार्ग सुधारला तेव्हा हे सगळं गेलं. १९२९ मध्ये कल्याण ते पुणे आणि १९३० पर्यंत कल्याण ते इगतपुरी तारा टाकून झाल्या. विजेसाठी रेल्वेने कल्याणच्या अलीकडे ठाकुर्लीला स्वतःचं वीजघर बांधलं. चोळा पॉवर हाऊस हे नाव डोंबिवली-कल्याणच्या जुन्या लोकांना आजही ओळखीचं आहे.

आता घाटात मालगाडी ओढायला इंजिन कुठून आणायचं? ज्यांच्याकडे असाच घाट आहे त्यांच्याकडून. स्वित्झर्लंडमधल्या गोथार्ड मार्गाचा सगळ्यात तीव्र चढ आपल्या बोरघाटाएवढाच आहे. दर हजार मीटरला साधारण २७ मीटर, म्हणजेच १ इन ३७ च्या आसपास. पहिल्या महायुद्धात त्या देशाला कोळसा मिळेना, म्हणून त्यांनी रेल्वे धरणांच्या विजेवर न्यायची घाई केली. १९२० च्या सुमारास गोथार्डसाठी एक विचित्र दिसणारं इंजिन बनलं: मधे ड्रायव्हरची केबिन आणि पुढे-मागे दोन लांब, बसकी नाकं. लोकांनी त्याला नाव ठेवलं मगर.

१९२८ पासून आपल्याकडे आलं ते याच घराण्यातलं. एकूण ४१ इंजिनं. पहिली १० स्वित्झर्लंडच्या विंटरथूरमध्ये बनली, उरलेली ३१ इंग्लंडच्या व्हल्कन फाउंड्रीत. विजेचा सगळा भाग मेट्रोपॉलिटन-विकर्स कंपनीचा. रेल्वेने त्यांना ईएफ-१ म्हटलं, पुढे वर्ग बदलले तेव्हा डब्ल्यूसीजी-१. हा कोड वाचायला सोपा आहे: डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, सी म्हणजे डीसी वीज, जी म्हणजे गुड्स. या मालिकेतल्या एका इंजिनाचं नाव ठेवलं 'सर लेस्ली विल्सन'. ते आज दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात उभं आहे.

पण घाटातल्या लोकांनी ना कोड वापरला ना साहेबाचं नाव. त्यांनी त्याला म्हटलं खेकडा.

फोटो बघाल तर नाव का पडलं हे विचारावं लागणार नाही. मधे चौकोनी अंग, दोन्हीकडे पुढे आलेली नाकं, आणि चाकांच्या बाजूने सतत वरखाली होणारे लोखंडी दांडे. उभं असताना ते कण्हल्यासारखा आवाज काढायचं आणि चालताना दांड्यांचा सूंऽ सूंऽ असा वेगळाच आवाज यायचा.

तीन तुकड्यांचं हे शरीर शोभेसाठी नव्हतं. घाटातली वळणं तीव्र. सुमारे १२५ टनांचं एकसंध इंजिन तिथून नेणं अवघड. म्हणून दोन नाकं दोन वेगळ्या गाड्यांवर आणि मधलं अंग त्यांच्यावर टेकलेलं. वळणावर खेकडा मधे वाकायचा. प्रत्येक नाकात दोन मोटारी, एकूण चार. मिळून २६०० हॉर्सपॉवर.

आणि ते दांडे? खेकड्याचं खरं डिझाइन तिथे आहे.

नाकातल्या दोन मोटारी गिअरमधून एक आडवा दांडा फिरवायच्या आणि त्या दांड्याला त्या बाजूची तिन्ही चाकं लोखंडी दांड्यांनी जखडलेली. म्हणजे तीनपैकी एकच चाक घसरू शकत नाही. समजा पहिल्या चाकाखाली ओलं पान आलं. ते एकटं असतं तर लगेच गरगरलं असतं. पण दांडा त्याला सोडत नाही. बाकीची दोन चाकं कोरड्या रुळावर आहेत, ती जेवढी फिरतील तेवढंच यालाही फिरावं लागतं. जो जोर पहिल्याला रुळात उतरवता आला नाही, तो आपोआप दुसऱ्या दोघांकडे जातो.

मला हे समजलं तेव्हा थांबून दोनदा वाचावं लागलं. सेन्सर नाही, कॉम्प्युटर नाही, ड्रायव्हरचं लक्षही नको. चाकांमधली पकड वाटून घेण्याचा संपूर्ण प्रोग्रॅम एका लोखंडी दांड्यात लिहिलेला.

हिशेब करू. १२५ टनांचं इंजिन, पकड पाव धरली तर ओढायचा जोर ३१ टन. १ इन ३७ वर त्यात इंजिनासकट साधारण ११०० टन मावतात. म्हणजे कोरड्या दिवशी, सगळं जुळून आलं तर, एका खेकड्यामागे हजार टनांची गाडी. पावसात पकड १५ टक्क्यांवर आली तर? जोर जेमतेम १९ टन आणि मागची गाडी साडेपाचशे-पावणेसहाशे टन. इंजिन तेच, हॉर्सपॉवर तीच, पण फक्त पाऊस पडल्यामुळे गाडी जवळजवळ निम्मी. आणि आपल्या घाटातला पाऊस तुम्हाला माहीतच आहे. पुढे-मागे इंजिनं लावावी लागतात ती यासाठी. बँकर इंजिन हॉर्सपॉवर आणतं हे खरंच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे ते आणखी बारा चाकं आणतं, आणखी बारा नाणी.

आणि ते मागेच का जोडायचं? कारण दोन डब्यांमधल्या कपलिंगलाही मर्यादा असते. सगळा जोर पुढूनच लावला तर पहिल्या डब्याच्या कपलिंगवर अख्ख्या गाडीचं वजन येतं. ते तुटलं तर मागची गाडी घाटातून खाली. मागून ढकललं की ताण वाटला जातो आणि दुर्दैवाने कपलिंग तुटलंच तर मागे अडवायला कुणीतरी असतं.

चढण्यापेक्षा उतरणं अवघड

घाटाचा इतिहास वाचताना एक गोष्ट लक्षात येते. इंजिन चढताना अडकलं तर उशीर होतो. उतरताना गाडी हाताबाहेर गेली तर माणसं जातात.

बोरघाटात गाडी सुमारे ५५० मीटर खाली उतरते. हजार टनांची गाडी तेवढी खाली आणली की त्यातून निघणारी ऊर्जा साधारण दीड हजार युनिट भरते. महिन्याला १०० युनिट वापरणाऱ्या घराला सव्वा वर्ष पुरेल एवढी. ती ऊर्जा कुठेतरी जायलाच हवी. जुन्या पद्धतीत ती ब्रेकच्या ठोकळ्यांत जायची, उष्णता होऊन. ठोकळे आणि चाकं तापायची, झिजायची, आणि फार तापली की ब्रेकची पकड कमी व्हायची, म्हणजे नेमकी जेव्हा सगळ्यात जास्त गरज तेव्हा.

म्हणून घाटात कॅच सायडिंग असतात. मुख्य मार्गापासून फुटून चढावर जाणारा रुळाचा एक तुकडा. सांधा आधी त्या सायडिंगकडेच लावलेला असतो. उतरणाऱ्या गाडीने आधी थांबून दाखवायचं की ब्रेक ताब्यात आहेत, मग पुढचा रस्ता मिळणार. नाही थांबली तर ती सायडिंगवर चढून तिथेच अडकणार. मंकी हिल, ठाकूरवाडी इथे पुण्याहून येणाऱ्या गाड्या उगाच थांबतात असं आपल्याला वाटतं ना? ते ब्रेक तपासण्यासाठी. आपण सॉफ्टवेअरमध्ये ज्याला 'फेल-सेफ' म्हणतो तो प्रकार इथे रुळांत आहे: काहीच सिद्ध झालं नाही तर रस्ता सुरक्षित बाजूलाच जातो.

खेकड्याने इथे दुसरी मोठी गोष्ट आणली: रिजनरेटिव्ह ब्रेकिंग. मोटार उलटी वापरली की ती जनरेटर होते. उतरणाऱ्या गाडीची चाकं मोटारी फिरवतात, मोटारी वीज बनवतात, वीज बनवण्याचं काम करताना चाकांना अडवतात, आणि तयार झालेली वीज पँटोग्राफमधून वर तारेत जाते. त्याच वेळी कुणी खेकडा गाडी घेऊन वर चढत असेल तर ती वीज त्याच्या कामी येते. उतरणारी गाडी चढणाऱ्या गाडीला हात देते, मधे फक्त एक तार. इलेक्ट्रिक कारच्या जाहिरातीत हे फीचर नवीन म्हणून बघितलं की मला १९२८ चा खेकडा आठवतो.

दांडा गेला, मग पकड कोण वाटणार?

साठेक वर्षं खेकडे राबले. शेवटी शेवटी तर मुंबईत डबे इकडून तिकडे लावण्याचं, म्हणजे शंटिंगचं काम करत होते. मधल्या काळात चित्तरंजनच्या कारखान्याने १९७० च्या दशकात घाटासाठी डब्ल्यूसीजी-२ बनवलं. दांडे कधीच गेले होते. दांड्यांना सतत तेलपाणी लागतं, ते झिजतात, वेग वाढला की हादरे देतात. आता प्रत्येक अॅक्सलला स्वतःची मोटार.

पण दांडा गेला तसा त्यात लिहिलेला प्रोग्रॅमही गेला. आता एक चाक घसरलं तर त्याला धरून ठेवणारं कुणी नाही. जुन्या डीसी मोटारीचा स्वभावच असा की भार कमी झाला की ती सुसाट पळते. चाक घसरलं, भार गेला, मोटार आणखी पळाली, चाक आणखी घसरलं. मग ड्रायव्हरने नॉच कमी करायचा, चाकापुढे वाळू सोडायची आणि पुन्हा हळूहळू जोर लावायचा. घाटातला अनुभवी ड्रायव्हर म्हणजे ज्याला चाक घसरायच्या आधी कळतं तो.

दुसरी अडचण विजेची होती. १५०० व्होल्टवर खेकड्याचे २६०० हॉर्सपॉवर म्हणजे तारेतून साधारण १३०० अँपिअर करंट. इंजिन जेवढं मोठं तेवढा करंट वाढणार, जाड तारा लागणार, जवळजवळ सबस्टेशनं लागणार. म्हणून देशभर २५ हजार व्होल्ट एसी आलं. मुंबई परिसर सगळ्यात शेवटी बदलला, इथलं १५०० व्होल्टचं पर्व २०१६ मध्ये संपलं. भारतातली पहिली इलेक्ट्रिक रेल्वे ज्या विजेवर धावली, ती एक्क्याण्णव वर्षांनी बंद झाली.

आणि पकडीचा प्रश्न? त्याचं उत्तर १९९३ च्या एका करारात आलं. भारतीय रेल्वेने एबीबी कंपनीशी थ्री-फेज तंत्रज्ञानाचा करार केला. काही इंजिनं आयात आणि सोबत तंत्रज्ञान हस्तांतर. त्यातलं मालगाडीचं इंजिन म्हणजे डब्ल्यूएजी-९, सहा हजार हॉर्सपॉवर. १९९८ मध्ये चित्तरंजनला बनलेल्या पहिल्या डब्ल्यूएजी-९ चं नाव ठेवलं 'नवयुग'. आज तुमच्या जवळच्या स्टेशनवरून धडधडत जाणाऱ्या मालगाडीपुढे हेच इंजिन असण्याची शक्यता बरीच आहे.

वजन बघा: सुमारे १२३ टन. म्हणजे खेकड्याएवढंच! पण सुरुवातीचा ओढण्याचा जोर जवळजवळ ४७ टन. म्हणजे वजनाच्या ३८ टक्के. खेकड्यासाठी आपण २५ टक्के धरले होते. रूळ तोच, चाक पोलादाचंच. मग हे वरचे टक्के आले कुठून?

इथे मला माझं कॉलेजचं इलेक्ट्रिकल पुन्हा उघडावं लागलं. थ्री-फेज इंडक्शन मोटारीचा वेग तिला मिळणाऱ्या विजेच्या फ्रिक्वेन्सीला बांधलेला असतो. फ्रिक्वेन्सीने जो वेग ठरवला, त्याच्या जवळ रोटर पोचला की जोर आपोआप गळतो. चाक घसरायला लागलं की मोटार जोरात फिरू पाहते, पण तेवढ्यात तिचा जोरच संपतो. डीसी मोटारीच्या बरोबर उलटा स्वभाव.

आता गंमत ऐका. मूळ डब्ल्यूएजी-९ मध्ये एका बोगीतल्या तिन्ही मोटारी एकाच कन्व्हर्टरवर असतात. तिघींना एकच फ्रिक्वेन्सी. एक चाक घसरू लागलं तरी ते त्या फ्रिक्वेन्सीच्या पुढे पळू शकत नाही. एका बोगीची तीन चाकं एका वेगाला बांधलेली... ओळखीचं वाटतंय? हा खेकड्याचा दांडाच आहे. फक्त लोखंडाच्या ऐवजी विजेचा.

आणि लोखंडी दांड्याला जे जमत नव्हतं ते याला जमतं: फ्रिक्वेन्सी क्षणाक्षणाला बदलता येते. ती काम करते कॉम्प्युटरवरच्या नियंत्रणाने. इथे एक उलटं वाटणारं सत्य आहे. सगळ्यात जास्त पकड चाक अजिबात घसरत नसताना मिळत नाही. चाक गाडीपेक्षा किंचित जास्त वेगाने फिरत असलं, एवढं की डोळ्यांना दिसणार नाही, तेव्हा ती सर्वात जास्त असते. त्यापुढे गेलं की पकड कोसळते. म्हणजे एका बाजूला वाया जाणारी पकड, दुसऱ्या बाजूला गरगर, आणि मधे एक अरुंद कडा. सॉफ्टवेअर चाकांचा वेग सतत मोजतं आणि त्या कड्यावर इंजिनाला चालवतं. जे अनुभवी ड्रायव्हर कानाने आणि बुडाखालच्या थरथरीने करायचा, ते.

सोळा नाणी

इतिहासाचं सध्याचं टोक म्हणजे डब्ल्यूएजी-१२. २०१५ मध्ये अल्स्टॉम कंपनीशी ८०० इंजिनांचा करार झाला, बिहारमध्ये मधेपुऱ्याला कारखाना उभा राहिला आणि मे २०२० मध्ये, लॉकडाऊन चालू असताना, पहिलं इंजिन मालगाडी घेऊन धावलं. बारा हजार हॉर्सपॉवर. देखभालीचे दोन मोठे डेपो आहेत, एक सहारनपूरला आणि दुसरा आपल्या नागपूरला.

बातम्यांमध्ये सगळीकडे 'बारा हजार हॉर्सपॉवर' हेच आलं. पण आता तुम्ही एवढं ऐकलंय तर माझ्यासारखंच दुसरीकडे बघाल. इंजिन दोन तुकड्यांचं आहे, कायम जोडलेलं. आठ अॅक्सल, सोळा चाकं, वजन १८० टन, प्रत्येक अॅक्सलवर साडेबावीस टन. जोर ७०५ किलोन्यूटन, म्हणजे साधारण ७२ टन. वजनाच्या ४० टक्के. दोन तुकडे का? कारण रूळ आणि पूल एका अॅक्सलचं ठरावीकच वजन सोसतात. पकड वाढवायची तर वजन हवं, वजन वाढवायचं तर अॅक्सल हवेत, अॅक्सल वाढले तर इंजिन वळणावर वाकायला हवं. खेकड्यालाही याच कारणांनी मधे वाकावं लागत होतं.

बारा हजारांचा उपयोग मग कुठे? वेगात. ७२ टनांचा पूर्ण जोर हे इंजिन हिशेबाने ताशी ४५ किलोमीटरच्या आसपास देऊ शकतं. खेकडा त्याचा पूर्ण जोर ताशी वीस-पंचवीसलाच देऊ शकायचा. मालगाडी रस्ता लवकर मोकळा करते, म्हणजे मागची तुमची एक्सप्रेस सिग्नलला कमी थांबते.

सपाट मार्गावर हे इंजिन सहा हजार टनांची गाडी ताशी शंभरने नेण्यासाठी बनलंय. पण तीच गाडी १ इन ३७ वर आणली तर? इंजिनासकट ६१८० भागिले ३७: १६७ टन जोर हवा. आपल्याकडे आहेत ७२. दोन इंजिनं लावली तरी पुरत नाहीत. बारा हजारांचा आकडा घेऊन बोरघाटापुढे उभे राहिलात तर घाट पुन्हा तोच प्रश्न विचारतो, जो त्याने १९२८ मध्ये विचारला होता: चाकं किती आहेत?

याचा आणखी एक पुरावा तुमच्या डोळ्यांसमोर आहे. मुंबई-सोलापूर वंदे भारत २०२३ पासून याच घाटातून बँकर न लावता चढते. तिला कुठलं राक्षसी इंजिन नाही. इंजिनच नाही. तिच्या निम्म्या अॅक्सलना मोटारी आहेत, म्हणजे गाडीच्या निम्म्या वजनाची पकड तिला मिळते. मालगाडीला ही सोय परवडत नाही, शेकडो वॅगनांना मोटारी कोण लावणार? म्हणून मालगाडीच्या इंजिनाला थोड्याशा चाकांतून शेवटच्या टक्क्यापर्यंत पकड पिळून काढावी लागते.

आणि हो, एवढं सगळं सॉफ्टवेअर असूनही या नव्या इंजिनांत चाकांपुढे वाळूच्या पेट्या आहेतच. वाफेच्या इंजिनात होत्या तशाच. रूळ फारच ओला असेल तर कोडने काही होत नाही, चिमूटभर वाळूच लागते.

माझ्या क्षेत्रात आम्हाला वाटतं की जुनं म्हणजे साधं आणि नवीन म्हणजे हुशार. कोणाचा जुना कोड बघितला की पहिला विचार येतो, हे पुन्हा लिहू. या एपिसोडची तयारी करताना मला वाटलं, खेकड्याचा दांडा काढून टाकणाऱ्यांना तो दांडा नेमकं काय काय करत होता हे आधी समजून घ्यावं लागलं असणार. ते काम पुन्हा कुणाला तरी करावंच लागलं. आधी ड्रायव्हरच्या हाताने केलं, मग फ्रिक्वेन्सीने, आता कोडने. एखादी जुनी गोष्ट कुरूप दिसत असेल, कण्हत असेल, तर काढायच्या आधी विचारा: ही इथे कुठली पकड धरून बसली आहे?

पुढच्या वेळी कर्जतला मागून तो हलका धक्का बसला की शेजारच्याला सांगा, "ताकद कमी पडते म्हणून नाही हो, नाणी कमी पडतात म्हणून." तो विचित्र नजरेने बघेल. मग त्याला ही लिंक पाठवा.

तुमच्या घरात कुणी घाटात गाडी चालवली असेल, खेकड्यावर काम केलं असेल, तर त्यांच्याशी बोलून आम्हाला व्हॉइस नोट नक्की पाठवा. तो कण्हण्याचा आवाज प्रत्यक्ष ऐकलेला माणूस मला भेटायचाय.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोपर्यंत, दारात उभं राहून प्रवास करू नका. घाटात तर अजिबात नको.